बारा नंबरचा नळ

खरं सांगायचं तर थेंब्या हे लिहिणारच नव्हता. पेनाचं टोपण त्याने चार वेळा काढलं आणि चार वेळा लावलं. समोरच्या कागदावर मधोमध 'जबाब' एवढंच लिहून झालं होतं. त्याखाली त्याने पट्टीने रेघ मारली होती, मग तीच रेघ पुन्हा गिरवून गडद केली होती. रेघ मारायला काही जिगर लागत नाही.

टेबलापलीकडे साथरोग विभागाच्या मॅडम त्याचं रजिस्टर वाचत होत्या. बोट लावून, ओळ न् ओळ. पाणीपुरवठ्याच्या त्या खोलीत एरवी कोणी असं वाचत नसे. रजिस्टर भरायचं, साहेबांनी महिनाअखेरीला सही ठोकायची, कपाटात टाकायचं. सहा वर्षांत थेंब्याच्या अक्षराकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं.

"अकरा नंबर कुठला?" मॅडमनी विचारलं.

"शिंप्याच्या दुकानापुढचा. खालच्या गल्लीच्या तोंडाशी."

"आणि बारा?"

"गल्लीचं शेवटचं घर. पान्याचं." मग त्याला वाटलं, असं कसं सांगतोय आपण. "म्हणजे आपल्याच फिटरचं, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. "बायको गेली ती त्यांचीच ना?"

"हो."

त्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि बोट पुन्हा त्याच रकान्यावर ठेवलं.

थेंब्याचं काम सांगायला सोपं होतं. सकाळी पाणी सुटलं की बारा नळांवर जायचं. काचेची नळी भरायची, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पाणी पास. रंग जितका गडद, तितका आकडा मोठा. पाणी होतं तसंच राहिलं तर कुठेतरी घाण शिरतेय आणि ती क्लोरीन खातेय. एवढंच. या थेंबांवरूनच त्याचं नाव पडलेलं. खरं नाव फक्त हजेरीपत्रकावर होतं आणि तेही अर्धवट लिहिलेलं.

"अकरा नंबर बघा तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "पॉइंट तीन. पॉइंट पाच. दोन. चार. पुन्हा तीन. आता बारा नंबर. पॉइंट दोन. दुसऱ्या दिवशी पॉइंट दोन. व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत एकसष्ट दिवस, रोज पॉइंट दोन." त्या आवाज चढवत नव्हत्या. "पाणी इतकं शिस्तीचं नसतं हो."

दारातून साहेब म्हणाले, "मॅडम, पोरगा नियमित आहे आमचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा चक्कर मारतो. तो खोटं लिहायचा नाही."

थेंब्याने टोपण काढलं. लावलं.

"मग सोमवारी उघडू का गल्लीचा व्हॉल्व्ह?" साहेबांनी विचारलं. "अकरा दिवस टँकर चालू आहे. लोकांनी डोकं खाल्लंय माझं. लाइन शेवटपर्यंत ठीक होती, रजिस्टरच सांगतंय. लोकच पिंपं धूत नाहीत, त्याला आपण काय करणार?"

"उघडा किंवा गल्ली खणा," मॅडम म्हणाल्या. "पण खणायचं तर कशाच्या जोरावर सांगू मी? आज पाणी तपासून काही कळायचं नाही, लाइन कोरडी आहे. आज जो आजारी आहे, तो ते पाणी महिना-दीड महिन्यापूर्वी प्यालाय. तेव्हाचा साक्षीदार एकच. हे." आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

गल्लीत त्रेचाळीस जण आजारी पडले होते. पहिल्यांदा सगळे म्हणाले कावीळ, आणि कावीळ म्हणजे काय, पथ्य करा, पडून राहा. दवाखान्यात नेहमीची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. ही 'ई' जातीची आहे का ते बघायचं किट दवाखान्यात नव्हतंच. कधी मागवलंच नव्हतं. रक्त बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं. हिपॅटायटिस ई. मॅडमनी पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून समजावलं होतं की हा विषाणू काही काल जन्माला आलेला नाही, आपण त्याला शोधायला उशिरा लागलो. मैल्यातून पाण्यात, पाण्यातून पोटात. धडधाकट माणसाला महिनाभर लोळवतो आणि सोडून देतो. गरोदर बाईला, तेही शेवटच्या महिन्यांत असेल तर, सोडेलच असं नाही.

उत्तर आलं तेव्हा पान्याच्या बायकोला जाऊन तीन दिवस झाले होते. बाळ आतच गेलं होतं.

"गल्लीत अजून तीन जणी गरोदर आहेत," मॅडम उठता उठता म्हणाल्या. "जबाब उद्या सकाळी दिलात तरी चालेल. शांतपणे लिहा."

त्या तसं म्हणाल्या नसत्या तर बरं झालं असतं. कोणी खडसावलं की थेंब्याला खोटं बोलता यायचं.

दुपारी चारला तो खालच्या गल्लीत शिरला तेव्हा शिंप्याने मशीन थांबवून त्याच्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. एरवी शिंपी सोडायचा नाही. 'काय थेंबराव, आज आमचं पाणी पास की नापास?' रोज तेच, आणि रोज स्वतःच हसायचा. आता त्याच्या दुकानापुढे टँकरच्या पाण्याची पिंपं रांगेत लावली होती, प्रत्येकावर खडूने घराचा नंबर.

शिंप्याच्या दुकानापासून गल्ली उतरते. मध्यावर गटार आडवं जातं, त्याच्याखालून पाण्याची लाइन. पुढे चाळीस घरं आणि शेवटी पान्याचं. रस्त्याला लागून लाकडी दार, आत फरशी घातलेलं छोटं अंगण, अंगणात नळ, आणि वर खोलीकडे जाणाऱ्या अकरा पायऱ्या. पायऱ्या अकरा आहेत हे थेंब्याला पाठ होतं. त्याने त्या मोजल्या होत्या, वहिनी उतरत असताना.

तेव्हा तिला सातवा लागला होता. डॉक्टरांनी चढउतार कमी करा म्हणून सांगितलं होतं. पान्या सकाळी सहालाच साइटवर. थेंब्या सातला कडी वाजवायचा आणि वरून आवाज यायचा, "आले, आले भावोजी, पळून जाऊ नका." मग एक पाय, मग दुसरा, भिंतीला हात. दार उघडल्यावर ती आधी दम घ्यायची आणि मग नळाजवळचं लाकडी स्टूल पुढे करायची, त्याची पेटी ठेवायला. स्टूल तिनेच काढलं होतं. ओल्या फरशीवर पेटी ठेवलेली तिला चालायची नाही.

"तुमच्यासारखा माणूस नाही बघितला," ती म्हणायची. "सगळं जग स्वच्छ पाणी बघून खूश होतं. तुम्ही पिवळं बघून."

एका सकाळी तिला सातव्या पायरीवर बसावं लागलं. चेहरा घामाने डबडबलेला. "काही नाही हो, तुमचा पुतण्या लाथा घालतोय," ती म्हणाली आणि उठली. त्या दिवशी नळीतला रंग फिका होता. पॉइंट एक, फार तर. पास व्हायला पॉइंट दोन तरी लागतो. थेंब्याने नळी उजेडात धरली, उद्या परत बघू म्हणाला आणि निघाला. आणि दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या दुकानाशी आल्यावर त्याच्या मनात आलं, कशाला त्या बिचारीला अकरा पायऱ्या उतरायला लावायच्या? एका नळीसाठी? गल्ली तीच, लाइन तीच. त्याने अकरा नंबरचा नमुना घेतला आणि बाराच्या रकान्यात अंदाजाने थोडं कमी करून टाकलं. पॉइंट दोन. त्या दिवशी घरी जाताना त्याला बरंही वाटलं होतं. कोणाचं तरी भलं केल्यासारखं.

दार नुसतं लोटलेलं होतं. पान्या अंगणात पालथ्या बादलीवर बसला होता, पुढ्यात अवजारांची पिशवी उलटी केलेली. एकेक पाना फडक्याने पुसून फरशीवर मांडत होता, लहानापासून मोठ्यापर्यंत. उंचापुरा, खांद्याने रुंद माणूस. चौदा दिवसांत सदरा अंगावर नाही, खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता.

"ये," तो म्हणाला. "चहा नाही मिळायचा. दूध नासलं."

"नको."

"बस मग."

बसायला स्टूलच होतं. नळाजवळ, होतं तिथेच. थेंब्या त्याच्यावर बसला नाही, पायरीवर बसला.

"त्या मॅडम भेटल्या काल," पान्या म्हणाला. "चांगली बाई आहे. मला म्हणाली, तुमच्या हातून काही झालं असं मनात आणू नका. मी म्हटलं, का नाही आणायचं? गटाराखालचा जोड कोणी दिलाय? मीच ना."

"चार महिने झाले त्याला."

"चार महिने आणि नऊ दिवस. स्टोअरमध्ये नवी रबरी रिंग नव्हती. जुनीच उलटी करून बसवली. साहेब म्हणाले, आठवड्यात रिंगा येतायत, मग बदल. आल्याच नाहीत. मीही नाही विचारलं." त्याने एक पाना उचलला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "पाणी चालू असतं तोवर जोड बाहेर गळतो. पाणी बंद झालं की तोच आत ओढतो. भोवती जे असेल ते. हे मला कोणी शिकवायला नको. ती गेल्यापासून मी रोज तो जोड डोळ्यांपुढे उघडतोय आणि बंद करतोय."

थेंब्या फरशीवर मांडलेले पाने बघत राहिला.

"मग परवा ऑफिसात गेलो आणि तुझं रजिस्टर काढून बघितलं." पान्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. "बारा नंबर. रोज पॉइंट दोन. एकही दिवस खाडा नाही. म्हटलं, चला. जोड गळत असता तर माझ्याच नळाला आधी कळलं असतं, शेवटचा नळ आहे. बारा नंबर पास, म्हणजे माझा जोड पास. चौदा दिवसांत त्या रात्री पहिल्यांदा डोळा लागला माझा."

त्याने पाना रांगेत ठेवला. तो जरा तिरका बसला, तर बोटाने सरळ केला.

थेंब्याला दवाखान्यातली ती संध्याकाळ आठवली. तो भेटायला गेला तेव्हा वहिनी उशीला टेकून बसली होती. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झालेला. त्याला बघून ती हसली होती. "काय भावोजी, नळी आणलीत का? बघा की माझ्याकडे. मी पास." तोही हसला होता, कारण ती हसत होती. दोन दिवसांनी ती माणसं ओळखेनाशी झाली.

"पान्या," तो म्हणाला.

"बोल."

"मी येत नव्हतो."

पान्या फडकं झटकत होता, ते तसंच हातात राहिलं.

"वहिनींना उतरायला त्रास व्हायचा म्हणून. एक दिवस त्या पायरीवर बसल्या, या इथे. दुसऱ्या दिवसापासून मी शिंप्यापर्यंतच यायचो. इथलं सगळं अंदाजाने लिहिलंय. एकसष्ट दिवस." त्याला वाटलं होतं की एकदा तोंडातून बाहेर पडलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. "आणि शेवटचं खरं पॉइंट एक होतं. मला रंग फिका दिसला होता. मी उद्या बघू म्हटलं."

रस्त्यावरून कोणीतरी पिंप घरंगळत नेलं. त्याचा आवाज गल्लीच्या वरच्या टोकापर्यंत गेला आणि थांबला.

"माहीत आहे," पान्या म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"येत नव्हतास ते. पॉइंट एकचं नव्हतं माहीत." त्याने फडक्याची घडी घातली, मग उलगडली. "ती रोज सांगायची मला. 'भावोजी आजही आले नाहीत. माझ्यामुळे संकोचतात. तुम्ही सांगा ना त्यांना, मी दाराची कडीच काढून ठेवते. उघडं असतं दार, नुसतं ढकलायचं, पाणी घ्यायचं आणि जायचं. मी कशाला उठतेय?' पहाटे मी निघालो की माझ्या मागे कडी लावायची नाही. दाराला आतून एक वीट लावून ठेवायची, कुत्रं शिरू नये म्हणून. आणि स्टूल नळापाशी."

थेंब्याने दाराकडे पाहिलं. दाराच्या कोपऱ्यात वीट होती. मघाशी दार ढकलताना त्यानेच ती सरकवली असणार.

"रोज?"

"रोज. नऊ वाजता पाणी गेलं की स्टूल भिंतीला लावायची. मला म्हणायची, विसरू नका हं सांगायला." पान्याचा आवाज तसाच होता, सपाट. "मी विसरलो नव्हतो. तू मला रोज भेटायचास, चहाच्या गाडीवर. मुद्दाम नाही सांगितलं. म्हटलं, बरंच आहे. आला की ही गप्पा मारायला खाली उतरणार. ऐकायची थोडीच. त्यापेक्षा तू नाही आलेलाच बरा."

थेंब्याने नळाकडे पाहिलं. तोटीच्या टोकाला पांढरा क्षार साचून वाळला होता.

"मग तू ते रजिस्टर कशाला धरून बसलास?" थेंब्याने शेवटी विचारलं. "तुला माहीत होतं तर?"

"हातात धरायला काहीतरी लागतं रे." पान्या किंचित हसला, म्हणजे ओठ हलले. "मला माहीत होतं तू आला नाहीस. पण मी स्वतःला म्हटलं, एखाद्या दिवशी आला असेल. ती झोपलेली असताना. दार तर उघडंच होतं. चार-पाच दिवस तरी आला असेल. मग त्या चार-पाच दिवसांवर मी झोपलो."

थेंब्याच्या शर्टाच्या खिशात जबाबाचा कागद चौघडी करून ठेवला होता. त्याने तो काढला. घडीवर 'जबाब' शब्द बरोबर मधोमध मोडला होता.

"सोमवारी व्हॉल्व्ह उघडणार आहेत," तो म्हणाला. "रजिस्टर चांगलं आहे म्हणून."

"कळलं मला."

"गल्लीत तिघी आहेत अजून."

"एक ही शेजारचीच," पान्या म्हणाला आणि अंगठ्याने भिंतीकडे दाखवलं. "परवा आली होती इथे. आमच्या हिने शिवलेली दुपटी होती पाच-सहा, ती घेऊन जा म्हटलं. घेत नव्हती. मग रडत रडत घेतली." तो उठला. गुडघे धरून, टप्प्याटप्प्याने, म्हाताऱ्यासारखा. नळाजवळ गेला, लाकडी स्टूल उचललं आणि आणून थेंब्यापुढे ठेवलं. वरची धूळ हाताने पुसली.

"लिही. मांडीवर नको, अक्षर वाकडं येतं तुझं."

थेंब्याने कागद स्टूलावर पसरला. टोपण काढलं. या वेळी ते खिशात टाकलं. 'बारा नंबरच्या नळावर मी एकसष्ट दिवस गेलो नाही,' त्याने लिहिलं. 'तिथला आकडा मी मनाने लिहीत होतो. त्याआधीची शेवटची खरी नोंद पॉइंट एक आहे. अकरा आणि बारा नंबरच्या मधली लाइन खणून बघावी.' पान्या त्याच्या खांद्यावरून वाकून वाचत होता. वाचताना त्याचे ओठ हलायचे, ती त्याची जुनी सवय.

"गटाराखाली म्हणून लिही," तो म्हणाला. "नाहीतर उगाच सगळी गल्ली उकरतील. आणि रिंग जुनी होती तेही लिही. बसवणाऱ्याचं नाव लिही माझं."

थेंब्याचा हात थांबला.

"लिही म्हटलं ना."

त्याने लिहिलं.

"दार उघडं असायचं, ते नको लिहूस," पान्या म्हणाला. "ते काही त्यांच्या कामाचं नाही."

"नाही लिहीत."

खाली सही करताना थेंब्याने सहा वर्षांत पहिल्यांदा पूर्ण नाव लिहिलं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. उन्हं अंगणातून निघून भिंतीवर चढली होती. पान्याने फरशीवरचे पाने एकेक करून पिशवीत भरले, मांडले होते त्याच क्रमाने, आणि सगळ्यात मोठा पाना मात्र बाहेर ठेवला. तो त्याने थेंब्याच्या हातात दिला. जड होता.

"खणतील तेव्हा खड्ड्यात तू उतर," तो म्हणाला. "मला नाही जमायचं. मी वर उभा राहतो."

"उतरेन."

"जोड गळत असला तर गळतोय म्हण. सगळ्यांदेखत म्हण. वर मी आहे, मला काय वाटेल, असलं काही मनात आणायचं नाही. मला जपायचं नाही, थेंब्या. बास झालं आता ते."

थेंब्या उठून दारापाशी आला, पाना या हातातून त्या हातात घेतला. दारातली वीट त्याच्या पायाशी होती.

"जे असेल ते सांगेन," तो म्हणाला. "बघून सांगेन."